पगडी आणि डोके

माळव्यातील मराठी माणसाला पगडीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. शिंदेशाही पगडी कोणती आणि होळकरशाही कोणती, हे आमच्या वाडवडिलांना दुरूनही ओळखू येई. आणि एकदा पगडी ओळखली, की तिच्याखालच्या डोक्याविषयीचे मतही तत्काळ तयार होई. पुढे पगड्या पेटीत गेल्या, पेट्या माळ्यावर गेल्या. परंतु पगडी पाहून माणूस ठरविण्याची खोड मात्र गेली नाही. ती आता संगणकाच्या पेटीत जाऊन बसली आहे, असे म्हटल्यास काही वाचक हसतील. ज्यांच्या घरी पंधरा ते पंचवीस वयाची मुले आहेत, ते मात्र हसणार नाहीत.

या मुलांत हल्ली दोन पंथ पडले आहेत, एक हिरव्यांचा आणि दुसरा तांबड्यांचा. हिरवा रंग एनव्हिडिया या कंपनीचा आणि तांबडा ए.एम.डी.चा. इंटेलचा निळा झेंडाही २०२२ पासून या मैदानात आला आहे, पण त्याची फौज अजून लहान आहे. वाद आहे तो ग्राफिक्स कार्डाचा. आमच्या पिढीला कार्ड म्हटले की रेशनचे आठवते. या पिढीला आठवते ते संगणकावरील खेळांची चित्रे पडद्यावर उमटविणारे यंत्र. रेशनचे कार्ड सरकार देई. या कार्डाला मात्र वीस-पंचवीस हजारांपासून पुढे कितीही रुपये मोजावे लागतात, आणि म्हणूनच हा विषय केवळ मुलांचा न राहता घराचा होतो.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे एक एकत्र कुटुंब आहे. आजोबांनी निवृत्तिवेतनातून बाजूला काढलेले पस्तीस हजार रुपये दोघा नातवांच्या हाती ठेवले. संगणक एक, खेळणारे दोघे. थोरला हिरव्यांचा अभिमानी, धाकटा तांबड्यांचा. दोघे सख्खे चुलत भाऊ, एका ताटात जेवलेले. पण या प्रश्नावरून पंधरा दिवस त्यांच्यात अबोला होता. आजींचे मत निराळेच होते. हिरवा द्या नाहीतर तांबडा द्या, पण त्या पैशांत आधी घराला रंग द्या, असे त्या म्हणत. अखेर शाळामास्तर म्हणजे हक्काचा पंच, या जुन्या समजुतीनुसार प्रकरण आमच्याकडे आले.

दोघांचे म्हणणे ऐकून घेतले. थोरला म्हणाला, एनव्हिडियाच सर्वांत चांगले. धाकटा म्हणाला, ए.एम.डी.च खरे पैशाचे मोल देते. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. पहिला अवयव प्रतिज्ञा, दुसरा हेतू, तिसरा उदाहरण. 'पर्वतावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा, आणि 'कारण तेथे धूर दिसतो' हा हेतू. या दोघांकडे प्रतिज्ञा भरपूर होत्या. हेतू विचारला की पुन्हा प्रतिज्ञाच ऐकू येई. तेव्हा हेतू शोधण्याचे काम तिघांनी मिळून करावे असे ठरले. त्या शोधात जे हाती आले, तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हे यंत्र करते काय? सामान्य पडदा आडवा १९२० आणि उभा १०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. हालचाल सलग दिसावी म्हणून अशी चित्रे एका सेकंदात साठ वेळा काढावी लागतात. म्हणजे दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा. हे काम एका हुशार कारकुनाचे नव्हे. एकच लहान हिशेब एकाच वेळी करणाऱ्या हजारो कारकुनांचे आहे. ग्राफिक्स कार्डाच्या चिपमध्ये असे हजारो लहान गणक एकत्र बसविलेले असतात. पडदा ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा घेतला की काम बरोबर चौपट होते. तेव्हा कार्ड कोणते, हे विचारण्यापूर्वी पडदा कोणता, हे विचारणे ओघानेच आले.

आता या घराण्यांचा थोडा इतिहास. एनव्हिडियाची स्थापना अमेरिकेत १९९३ मध्ये झाली. ए.एम.डी. ही १९६९ ची कंपनी. परंतु तिची ग्राफिक्सची शाखा मूळची तिची नव्हे. ती कॅनडातील १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ए.टी.आय. या कंपनीची. ए.एम.डी.ने ती २००६ मध्ये विकत घेतली आणि 'रेडिऑन' हे नाव तेवढे पुढे चालू ठेवले. त्याही आधी थ्री-डी-एफ-एक्स नावाचे एक घराणे होते. १९९६ मध्ये आलेल्या तिच्या 'व्हूडू' कार्डाचा तेव्हाच्या तरुणांना एवढा अभिमान होता की दुसरे नाव ते कानावर येऊ देत नसत. चारच वर्षांत ती कंपनी बुडाली. २००० च्या अखेरीस तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली, आणि व्हूडूच्या निष्ठावंतांना नव्या खेळांसाठी कंपनीकडून साहाय्य मिळणे बंद झाले. निष्ठा एकतर्फी असली की तिचा शेवट असा होतो.

आणखी दोन गोष्टी ऐकून दोन्ही भाऊ काही काळ गप्प झाले. पहिली ही की एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि ए.एम.डी.च्या प्रमुख लिसा सू, या दोघांचाही जन्म तैवानचा असून ते एकमेकांचे दूरचे नातेवाईक आहेत. दुसरी अधिक महत्त्वाची. हिरव्यांची ५००० मालिका, तांबड्यांची ९००० मालिका आणि निळ्यांची 'आर्क' कार्डे, या तिन्हींच्या चिपा तैवानच्या टी.एस.एम.सी. या एकाच कंपनीकडून घडवून घेतल्या जातात. आराखडा ज्याचा त्याचा, पण भट्टी एकच. ज्या नावांवरून आपल्या ओसरीवर अबोला धरला जातो, ती तिन्ही नावे एकाच कारखानदाराच्या दारात आपापली पाळी धरून उभी असतात.

दोष म्हणाल तर तेही सर्वांच्या पदरी आहेत. एनव्हिडियाने २०१४ मध्ये चार गिगाबाइट मेमरीचे म्हणून विकलेल्या जी.टी.एक्स. ९७० या कार्डात शेवटचा अर्धा गिगाबाइट फार मंद असल्याचे उघडकीस आले, आणि २०१६ मधील तडजोडीनुसार अमेरिकेतील ग्राहकांना दर कार्डामागे तीस डॉलर देण्याचे ठरले. ए.एम.डी.चे २०१६ चे आर.एक्स. ४८० हे कार्ड मदरबोर्डाच्या खाचेतून नेमापेक्षा अधिक वीज ओढीत होते. नवा ड्रायव्हर काढून ते दुरुस्त करावे लागले. इंटेलची पहिली आर्क कार्डे २०२२ मध्ये आली तेव्हा जुन्या खेळांत ती अडखळत. पुढे ड्रायव्हर सुधारत गेले. यातून एकच गोष्ट सिद्ध होते. घराण्याची परीक्षा घेऊन उपयोग नाही, परीक्षा त्या त्या कार्डाची घ्यावी. वर्गातील मुलाला आम्ही त्याच्या थोरल्या भावाच्या गुणांवरून गुण देत नाही.

दुकानात गेल्यावर आणखी एक गोम कळते. कार्डाला माहेर असते आणि सासरही असते. चिप एनव्हिडियाची किंवा ए.एम.डी.ची, हे झाले माहेर. परंतु ती चिप घेऊन तिच्याभोवती पंखे, धातूच्या पट्ट्या आणि विजेची जोडणी बसवून पूर्ण कार्ड तयार करणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. आसुस आणि गिगाबाइट या दोन्ही घराण्यांची कार्डे करतात. झोटॅक एनव्हिडियाची करते, सफायर ए.एम.डी.ची. हमी देते ते सासर. पंखा कुरकुरू लागला, चित्र फाटू लागले, तर दाद मागावयाची ती याच कंपनीकडे. मुले माहेरच्या नावावरून हातघाईवर येतात आणि जन्म काढावयाचा सासरी, हे विसरतात. म्हणून आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात त्या कंपनीचे सेवाकेंद्र आहे काय, हमी किती वर्षांची, बिलावर कार्डाचा अनुक्रमांक लिहिला आहे काय, या गोष्टी आधी पाहाव्यात. बेळगाव, ग्वाल्हेर यांसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्या वाचकांना हा प्रश्न विशेष जाणवेल. दुरुस्तीसाठी कार्ड पुण्याला किंवा दिल्लीला पाठवावे लागले, तर महिना कसा जातो ते कळत नाही.

आता मुख्य परीक्षेचे प्रश्न. पहिला प्रश्न पडद्याचा, तो वर आलाच. घरातील पडदा सेकंदाला साठ चित्रेच दाखवीत असेल, तर दीडशे चित्रे काढणाऱ्या कार्डाची निम्म्याहून अधिक मेहनत कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. दुसरा प्रश्न खेळांचा. 'व्हॅलोरंट'सारखा स्पर्धेचा खेळ साध्या कार्डावरही उत्तम चालतो; कारण तो पुष्कळांच्या संगणकांवर चालावा अशाच रीतीने रचला आहे. उलट २०२३ चे 'हॉगवर्ट्स लेगसी' किंवा त्याच वर्षी संगणकावर आलेला 'द लास्ट ऑफ अस' यांसारखे चित्रसमृद्ध खेळ फार मेमरी मागतात. मुलगा रोज कोणता खेळ खेळतो आणि कोणत्या खेळाची केवळ स्वप्ने पाहतो, हे त्याला विचारावे. उत्तर मनोरंजक असते.

तिसरा प्रश्न कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा. हा भगिनींना लवकर समजेल. ओटा ऐसपैस असला की स्वयंपाकाचे सर्व साहित्य हाताशी राहते. तो लहान असला की दर फोडणीला कोठीच्या खोलीकडे धावावे लागते. हात कितीही चपळ असले तरी पानावर वाढावयास उशीर होतो. कार्डाची मेमरी म्हणजे हा ओटा. आठ गिगाबाइटचा ओटा २०२३ पासून आलेल्या काही मोठ्या खेळांना अपुरा पडू लागला आहे. बारा किंवा सोळा गिगाबाइट असले तर पुढील काही वर्षे निश्चिंती. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२५ मध्ये आलेली हिरव्यांचे आर.टी.एक्स. ५०६० टी-आय आणि तांबड्यांचे आर.एक्स. ९०६० एक्स-टी ही दोन्ही कार्डे एकाच नावाने आठ आणि सोळा अशा दोन मापांत विकली जातात. नाव सारखे, ओटा निम्मा. खोक्यावरचा हा आकडा वाचल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

चौथा प्रश्न आपल्या जुन्या पेटीचा. विजेचा पुरवठा करणारे एस.एम.पी.एस. नव्या कार्डाचा भार सोसेल काय? माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मोठे कार्ड बसविले आणि खेळ रंगात आला की संगणक बंद पडू लागला. कार्ड निर्दोष होते, बिचारा वीजपुरवठा कमी पडत होता. शिवाय आपल्याकडे वैशाखात खोलीतच चाळीस अंशांच्या जवळ उष्मा असतो. पेटीत हवा खेळती नसेल तर कोणत्याही रंगाचे कार्ड धापा टाकते. निळ्या पंथाच्या मंडळींनी तर जुन्या पेटीची चौकशी अधिकच करावी. इंटेलचे बी ५८० हे कार्ड बारा गिगाबाइटचे आणि स्वस्त आहे. पण जुन्या प्रोसेसरच्या संगतीत त्याची गती उतरते, आणि 'रिसायझेबल बार' ही सोय नसलेल्या मदरबोर्डावर ते घेऊच नये.

विजेच्या बिलावरूनही मुले वाद घालतात, म्हणून तो हिशेब एकदा करून टाकू. आर.टी.एक्स. ५०६० ची कमाल गरज १४५ वॅट, सोळा गिगाबाइटच्या आर.एक्स. ९०६० एक्स-टी ची १६० आणि बी ५८० ची १९०. रोज तीन तास खेळले तरी पहिल्या दोहोंतील वर्षाचा फरक सोळा-सतरा युनिटांचा. आठ रुपये युनिट धरले तर सुमारे १३० रुपये. पहिल्या आणि तिसऱ्यातील फरकही ४०० रुपयांच्या आतच राहतो. एवढ्यासाठी भावाशी बोलणे टाकू नये.

पाचवा प्रश्न असा की खेळाखेरीज हे यंत्र आणखी कशासाठी वापरावयाचे आहे? येथे मात्र हिरव्यांची बाजू खरोखर बळकट आहे. एनव्हिडियाने 'कुडा' नावाची प्रणाली २००७ पासून लोकांच्या हाती दिली, आणि त्रिमिती चित्रे, चलचित्रांचे संकलन, यंत्रांना शिकविण्याचे शास्त्र अशा कामांची पुष्कळ साधने तिच्याच आधाराने रचली गेली. मुलगा किंवा मुलगी असे काही शिकत असेल, तर हा हेतू सबळ मानावा. प्रकाशकिरणांचा मागोवा घेऊन चित्र काढण्याची कला घरगुती कार्डांत प्रथम एनव्हिडियाने २०१८ मध्ये आणली आणि बराच काळ तीच पुढे राहिली; २०२५ च्या ९००० मालिकेने ते अंतर पुष्कळ कमी केले. लहान चित्र काढून ते कौशल्याने मोठे करण्याची युक्ती आता तिघांकडेही आहे; एनव्हिडियाची 'डी.एल.एस.एस.' अधिक खेळांत मुरलेली. ए.एम.डी.च्या 'एफ.एस.आर.'चे आरंभीचे औदार्य असे की ती प्रतिस्पर्ध्याच्या कार्डांवरही चाले. २०२५ ची चौथी आवृत्ती मात्र तिने आपल्या ९००० मालिकेसाठी काढली.

आता जाहिरातीविषयी. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी सांगितले की ५४९ डॉलरचे नवे आर.टी.एक्स. ५०७० हे कार्ड, १५९९ डॉलरला आलेल्या आर.टी.एक्स. ४०९० ची कामगिरी देईल. हे विधान ज्या युक्तीवर उभे होते, तिच्यात कार्ड एक चित्र खरे काढते आणि पुढची तीनपर्यंत चित्रे अंदाजाने मधे भरते. पडद्यावरील हालचाल त्यामुळे गुळगुळीत दिसते हे खरे. पण खेळणाऱ्याच्या बोटाला प्रतिसाद मिळतो तो खऱ्या चित्राच्या गतीने. ही युक्ती बाजूला ठेवून स्वतंत्र परीक्षकांनी मापे घेतली तेव्हा जुने मोठे कार्ड पुष्कळ पुढे होते. निबंधाची पाने भरली म्हणून आम्ही गुण देत नाही. मजकूर किती आणि पाल्हाळ किती, ते पाहतो. येथेही तोच नियम लावावा. दोन कार्डांची तुलना वाचताना दोन्हींकडे अशी भरतीची चित्रे बंद होती काय, हे आधी पाहावे.

या पाच प्रश्नांची उत्तरे त्या दोघा भावांनी एका कागदावर लिहून आणली. पडदा १९२० बाय १०८० चा. खेळ बहुतेक स्पर्धेचे, एखाददुसरा मोठा. एस.एम.पी.एस. सात वर्षांचे, बदलणे भाग. थोरला त्रिमिती चलच्चित्रांचा अभ्यासक्रम करीत आहे आणि त्याचे गृहपाठ याच संगणकावर व्हावयाचे आहेत. हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. आठ गिगाबाइटचे हिरवे कार्ड आणि नवे एस.एम.पी.एस., असे दोन्ही रकमेत बसविले. हा अभ्यासक्रम नसता तर मी स्वतः धाकट्याच्या बाजूने कौल दिला असता. कारण निव्वळ खेळासाठी, सोळा गिगाबाइटच्या ओट्याचे तांबडे कार्ड अधिक वर्षे पुरले असते. हे मी दोघांनाही सांगितले. धाकटा थोडा खट्टू झाला, पण रागावला नाही. मतभेदात हार झाली आणि कारण समजले, तर माणूस मोठा होतो. कारण न समजता हार झाली, तर तो फक्त संधी शोधत राहतो.

वडीलधाऱ्या वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. खेळाला एवढे पैसे कशाला, हा आपला प्रश्न चुकीचा नाही, आणि परवडत नसेल तर नकार देण्यात कमीपणाही नाही. परंतु पैसे द्यावयाचे ठरले असेल, तर 'घे बाबा, तुला काय हवे ते' असे म्हणून मोकळे होऊ नये. आपल्या मुलाच्या आयुष्यातील स्वतः निवडून केलेली ही बहुधा पहिली मोठी खरेदी असते. पुढे त्याला नोकरी निवडावयाची आहे, घर निवडावयाचे आहे, मतही द्यावयाचे आहे. त्या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी रंगीत झेंडा घेऊन उभा असेल. झेंड्यापलीकडे हेतू विचारण्याची सवय लागावयाची ती अशाच लहान प्रसंगी.

तेव्हा कागद काढावा, पाच प्रश्न लिहावेत आणि उत्तरे मुलांकडूनच भरून घ्यावीत. त्यात कंपनीचे नाव सर्वांत शेवटी लिहावे. दोन-तीन स्वतंत्र परीक्षा वाचाव्यात, दोन-तीन दुकानांत भाव विचारावेत. आमच्या इंदुरातील मंडळी सिल्व्हर मॉलमध्ये एक दुपार घालवू शकतात. कार्ड घरी आले की पहिल्या आठवड्यातच ते भरपूर राबवून पाहावे, म्हणजे दोष असल्यास बदलून मिळण्याची मुदत टळणार नाही. बिल मात्र मुलाच्या खोलीत ठेवू नये. ते आजींच्या कपाटात राहू द्यावे. तेथून आजपर्यंत कोणताही कागद हरवलेला नाही.